भाताचं माणूस

डिसेंबरच्या शेवटी आमच्या आत्या अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्न होऊन बेळगावात आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात भाकरी थापली ती त्यांनीच. मी पोळ्या लाटायचे, भात लावायचे, आमटी-भाजी बघायचे. काटवट मात्र त्यांची. ती धुवायलासुद्धा त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

भाकरी खायचेही तेच दोघे, त्या आणि आमचे हे. मुलगा कधी एखादी खायचा. मी चतकोर घ्यायची, तीही वांग्याच्या भाजीचं तेल पुसून घ्यायला, आणि लगेच भाताकडे वळायची. आत्या पहिल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, "ही भाताचं माणूस हाय." त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला डावरा म्हणावं तसं त्यांनी ते म्हटलं होतं.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अलीकडचं. तिथून पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात घराच्या भिंतींना बुरशी येते, चार महिने कपडे चुलीवर वाळवावे लागतात. तिथं सकाळी पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. नाचणीची भाकरी असायची, पण ती लावणीच्या दिवसांत, चिखलात उभं राहणाऱ्यांसाठी. बेळगाव शहराच्या कडेलाही यळ्ळूर-वडगावच्या शिवारात भातच. इथली बासमती शिजली की अख्ख्या गल्लीला वास यायचा, असं जुनी माणसं अजून सांगतात. ह्यांचं गाव मात्र अथणी तालुक्यातलं. एकाच जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर अंतर. तिथं ढग येतात आणि बघून जातात. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, आणि त्या ओलीवर थंडीत उभा राहणारा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. माझ्या माहेरच्या माणसाला विचारलं "जेवलास का?" तर तो भाताचं सांगेल, अथणीचा माणूस भाकरीचं. मधली सरहद्द कुणी आखलेली नाही, ती पावसानं आखलेली आहे.

तर जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत भाकऱ्या मी केल्या. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरीही मीच केली. आत्या प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून, डाव्या हातानं मुकाट्यानं जेवायच्या. एका रात्री ताटं उचलताना मला त्यांच्या ताटाखाली भाकरीचे काठ दिसले. कडक, कच्चे, पिठूळ काठ. पंधरा दिवस त्या मधलं तेवढं खात होत्या आणि काठ ताटाआड ठेवून नंतर गाईला घालत होत्या. मला काही बोलल्या नव्हत्या. आणि मला ते कळलं नव्हतं, कारण मी केलेली भाकरी मी स्वतः खातच नव्हते.

मी सहा भाकरींचा विडा उचलला तो त्या काठांमुळे. सहा हा आकडा मात्र दुसरीकडून आला.

संक्रांतीला माझ्या मावसभावाचा स्वीडनहून फोन आला. बोलता बोलता त्यानं तिथली एक जुनी गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या नावानं जाहिरात झाली होती की प्रत्येकानं रोज ब्रेडचे सहा ते आठ तुकडे खावेत. त्याच्या ऑफिसातल्या वयस्कर माणसांना ते वाक्य अजून पाठ आहे. मी ते आत्यांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांचे ते पातळ काप. आमच्याकडं सुगीत गडी सकाळी तीन आन् रात्री तीन खायचा. बायकाबी खायच्या, कमी कोण खाईल? काम तेवढंच हुतं की."

मी त्याच रात्री ठरवलं. १५ जानेवारीपासून चाळीस दिवस, रोज सहा भाकरी. सकाळी दोन, शाळेच्या डब्यात दोन, रात्री दोन. भात बंद. मी शाळेत शिकवते, रानात राबत नाही, तेव्हा सहा पूर्ण भाकरी मला झेपतील का, हा प्रश्न खरा होता. म्हणून आधी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासून घेतली आणि मग वजनकाटा काढला. आत्यांच्या मापाच्या एका भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ लागतं. सहा भाकरींचं चारशे वीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीला ३३४ कॅलरी दिल्यात, म्हणजे सहा भाकरींच्या चौदाशे. दिवसाचं बहुतेक जेवण तेवढ्यात आलं. प्रथिनं बेचाळीस ग्रॅम. आणि तंतू, म्हणजे फायबर, त्रेचाळीस ग्रॅम. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तंतू बारा ग्रॅमसुद्धा भरत नाही.

हा तंतूचा आकडा मला कागदावर चांगला वाटला होता. तिसऱ्या दिवशी तो पोटात कळला. पोट फुगलं, जड झालं, रात्री कुशीवर वळता येईना. जबडा दुखायला लागला. कानाखालचा तो सांधा मी आयुष्यात पहिल्यांदा जाणला. भात चावावा लागत नाही, तो तोंडात आला की अर्धा गेलेलाच असतो. भाकरीचा घास चावल्याशिवाय पुढे सरकत नाही. तहान तर अशी की शाळेत दर तासाला बाटली भरायची. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताक घे. ताकाबिगर भाकरी कोण खातं?" मी ताक सुरू केलं, सकाळचं आणि दुपारचं. आठव्या दिवशी पोट हलकं झालं आणि पुढे कधी तक्रार केली नाही.

पण ताकावरून माझ्या लक्षात यायला लागलं की भाकरीभोवतीचं सगळं ताट कशासाठी आहे. बावीस वर्षं ते ताट मी वाढत होते. झुणक्याला इतकी मोहरी-लसणाची फोडणी का, एण्णेगाईच्या वांग्यावर बोटभर तेल का तरंगतं, ताटात कच्ची मेथी, कच्चा कांदा, मुळा का असतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. चतकोर भाकरी खाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. तिसऱ्या भाकरीच्या मध्यावर घसा कोरडा पडतो तेव्हा तेल हवंसं वाटतं, मेथीचा कडू ओला घास हवासा वाटतो. शेंगदाण्याची नि कारळाची चटणी एवढी तिखट, एवढी खारट का, तेही तेव्हाच कळलं. भाकरी भरपूर आणि कालवण चिमूटभर, अशा जेवणासाठी ती केलेली आहे. एका चिमटीनं अख्खी भाकरी ओढून न्यायची. शिवाय ती फडक्यात बांधून रानात नेता येते, दुपारच्या उन्हात विटत नाही. माझ्या माहेरची आमटी पातळ, कारण भाताला ओल द्यावी लागत नाही, भिजवावं लागतं. दोन्ही स्वयंपाक मला येत होते. पण त्यातला एकच मला आतून माहीत होता.

आणि तिसऱ्या भाकरीबद्दल मला खास लिहायचं आहे. पहिली भाकरी भुकेची. ती कशीही जाते. दुसरी कालवणाची, तेव्हा जिभेवर चटणी असते, वांगं असतं. तिसऱ्या भाकरीपर्यंत कालवण संपत आलेलं असतं, भूक ओसरलेली असते, घाई उरत नाही. माणूस कोरडा घास तोंडात घोळवत राहतो आणि तेव्हा शाळूची गोडी लागते. ती साखरेसारखी जिभेच्या टोकाला लागत नाही. दाढेजवळ, हळूहळू सुटते. लाळेतलं विकर पिष्टाची साखर करतं हे मी मुलांना शाळेत शिकवलेलं आहे. पण शिकवताना कधी ते तोंडात घडलेलं नव्हतं. मी रोज सकाळी दोन भाकरींवर थांबत होते. ज्या रविवारी सकाळी सलग तीन खाल्ल्या, त्या दिवशी ही गोडी पहिल्यांदा लागली, आणि मी आत्यांना हाक मारून सांगितलं. त्या हसल्या. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

आजकाल हॉटेलांत एका ताटात सहा प्रकारच्या भाकरींचे लहान लहान तुकडे येतात, चव घेण्यासाठी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून तर ज्वारीचे डोसे, ज्वारीची बिस्किटं, सगळं मिळतं. ह्यानं शेतकऱ्याची ज्वारी खपत असेल तर मला आनंदच आहे. पण चव घेण्यापुरत्या खाल्लेल्या तुकड्यात भाकरी सापडत नाही, हे मी आता खात्रीनं सांगेन. ती पोट भरेपर्यंत खावी लागते. काही गोष्टी थोड्याशा कळत नाहीत. पुष्कळ घेतल्या तरच कळायला लागतात.

एका रविवारी मुलगा म्हणाला, आज तुझ्या भाकरींना सुट्टी, ब्रेडनं भर. कॅम्पातल्या बेकरीतून तो सकाळी गरम पाव घेऊन आला. मी सहा पाव खाल्ले आणि आठवे-नववे कधी झाले ते समजलं नाही. दोन तासांनी पुन्हा भूक. पाव वाईट म्हणून हे सांगत नाही. गव्हाच्या पिठात तो चिकट जाळीदार पदार्थ असतो, ग्लुटेन, त्यात हवा कोंडून राहते आणि पाव फुगतो. निम्मी हवाच असते ती. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तिला लाटता येत नाही, ताणता येत नाही. तिला धरून ठेवायचं काम उकळत्या पाण्याला आणि माणसाच्या तळव्याला करावं लागतं.

त्या तळव्याचं शिक्षण दुसरीकडे चालूच होतं. आत्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायच्या आणि बोलून शिकवायच्या. गंमत अशी की त्यांना ते बोलता येत नव्हतं. साठ वर्षं हातानं केलेली गोष्ट शब्दांत सांगायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. "आधण ओत." किती? "लागंल तेवढं." मग मी ओतायची, त्या बघायच्या, "आणि जरा" म्हणायच्या. त्यांचा डावा हात हवेत गोल फिरायचा आणि मी तो बघून माझा फिरवायची. पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या भाकरींना काठाला चिरा पडत होत्या. मला वाटायचं माझंच चुकतंय. अकराव्या दिवशी आत्यांनी पिठाच्या डब्यात हात घातला, चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "ह्याची विरी गेलीया." बरंच आधीचं दळण होतं. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, ते थापताना तुटतं. मी पोळीच्या हिशेबानं पाच-सहा किलो एकदम दळून आणत होते. त्या संध्याकाळी दोन किलो ताजं दळून आणलं, चक्कीतून आणलेलं पीठ अजून गरम होतं, आणि पहिल्यांदा माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. वरच्या अंगाला पाणी फिरवलं आणि ते सुकायच्या आत उलटली. त्याच्याआधी मी पाणी पूर्ण सुकू देत होते. ह्या दोन गोष्टींमध्ये अकरा दिवस गेले. पण ती फुगलेली भाकरी मी उभ्या उभ्या, तव्याशेजारी, नुसत्या मिठाबरोबर खाल्ली, आणि काठ आधी खाल्ले.

मोजणं मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर करत होते. रोजच्या चौकटीत पेन्सिलीनं सहा रेघा. एकोणिसाव्या दिवशी आत्यांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांना वाटलं दुधाचा हिशेब आहे. मी सांगितलं, माझ्या भाकरी आहेत. त्यांचा चेहरा उतरला. "खाल्लेल्या भाकरी मोजू न्हाईत गे," एवढंच म्हणाल्या आणि उठून बाहेर गेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. आत्यांचं माहेर जत तालुक्यातलं. अथणीला लागून, पण महाराष्ट्रात. १९७२ च्या दुष्काळात त्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या होत्या. हे पोटात होते. विहिरी आटल्या होत्या, शाळू पेरलाच गेला नव्हता. घरची सगळी माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची, लालसर ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नव्हती, मोडायची, आणि चवीला तुरट लागायची. पण तीच होती. त्यांची आई संध्याकाळी टोपलीतल्या भाकरी मोजायची. एकदा मोजायची, मग पुन्हा एकदा. मग वाटण्या करायची. "मला दोन वाढायची, पोटुशी म्हणून. तिला सोताला अर्धी. मी म्हणायची, आई तू घे की. तर म्हणायची, मोजून झाल्यात आता." आत्या थांबल्या. मग म्हणाल्या, "त्यावर्षी मोजल्या. मग पुन्हा आमच्याकडं कुणी मोजल्या न्हाईत. टोपली भरलेली असली की झालं."

हे त्यांच्या शेजारी बसून ऐकत होते. ह्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं, बावन्नाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवसापासून मी रेघा मारणं सोडलं. त्यामुळे चाळीस दिवसांचा नेमका आकडा आता माझ्याकडे नाही. भाकरी मी तेवढ्याच करत होते आणि भूक लागेल तेवढ्या खात होते. काही दिवशी सहा झाल्या असतील, काही दिवशी सात. शाळेत तोंडी परीक्षा होत्या त्या दोन दिवशी डब्यातली एक-एक नक्की परत आली. ठरवलेलं पूर्ण झालं का, असं शाळेतल्या मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा. शेजारच्या अक्का दरवर्षी जातात. त्यांच्याकडे आठ दिवस आधीपासून खटक भाकरी करणं चालू होतं; पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, तव्यावर दाबून दाबून कोरडी केलेली. ती महिनाभर टिकते, म्हणून पूर्वी बैलगाडीतून चार-चार दिवसांच्या प्रवासाला निघणारी माणसं तिच्या चवडी बांधून न्यायची. जत्रेहून आल्यावर अक्कांनी "तगोरी" म्हणत एक चवड माझ्या हातात ठेवली. माझ्या भाकरींची वार्ता भिंतीपलीकडे गेली होतीच. अक्का त्यांना जोळद रोट्टी म्हणतात, आत्या भाकरी म्हणतात, आणि दोघी एकमेकींच्या पिठाला नावं ठेवतात ती मात्र एकाच शब्दांत. त्या रात्री दुधात कुस्करलेली खटक भाकरी खाताना आत्या आणि अक्का कट्ट्यावर कानडीत बोलत बसल्या होत्या, विषय अथणीकडचा. शाळूच्या रानांत आता ऊस उभा आहे, कृष्णेचं पाणी आलं, कारखान्यांना ऊस जातो, पैसा होतो, कोण शाळू लावणार. आत्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाणी येणं काय असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण माझ्या दिरानं दोन एकर अजून शाळूसाठी ठेवले आहेत, हे त्यांनी अक्कांना दोनदा सांगितलं.

मधेच एकदा माहेरी जाऊन आले. आईनं सवयीप्रमाणे भात वाढला, वर आंबट सार. मी खाल्ला, आवडीनं खाल्ला, आणि ताट पुसून झाल्यावरही काहीतरी राहिल्यासारखी बसून राहिले. आई म्हणाली, "पोट भरलं न्हाई गे?" भरलं होतं. मला काय हवं होतं ते तिला सांगणं जिवावर आलं. तिनं स्वतःच ओळखलं आणि रात्री नाचणीच्या चार भाकरी केल्या. लावणीचे दिवस नसताना, कुणी रानात गेलेलं नसताना, माझ्या आईनं चुलीपुढे बसून माझ्यासाठी भाकरी थापली, हे माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडलं. तिच्या भाकरीचे काठ आत्यांच्यापेक्षा जाड असतात. तरी मी त्यांतल्या तीन खाल्ल्या.

चाळीसावा दिवस २३ फेब्रुवारीला आला. त्याच आठवड्यात आत्यांचं प्लास्टर निघालं आणि अथणीहून दिरानं नव्या शाळूचं पोतं पाठवलं, एस.टी.च्या टपावरून. पोतं दारात उतरलं तेव्हा आत्या चप्पल न घालता बाहेर आल्या. सुतळी सोडून त्यांनी उजवा हात, तो बारीक झालेला, पांढुरका पडलेला हात, कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग मूठभर दाणे वर काढले. मोत्यासारखे, पिवळसर पांढरे. त्यातला एक दाढेखाली धरून चावला आणि एक मला दिला.

मीही चावला. तो कट् असा फुटला नाही, थोडा दबला.

"ओल हाय अजून," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "हाय," म्हणाल्या. "आठ दिस ऊन दे."

आम्ही दोघींनी पोतं धरून जिन्यानं वर नेलं आणि गच्चीवर जुनी लुगडी अंथरून शाळू पसरला.